संमोहनोपचार

संमोहनोपचार : एकाग्र व शिथिल झालेल्या व्यक्तीला योजून दिलेल्या सूचनांच्या आधारे वेदना, भीती, सवयी आणि काही शारीरिक तक्रारी कमी करण्याची पद्धती. संमोहन हा स्वतः उपचार नव्हे, उपचाराचे साधन आहे. दंतवैद्य जी भीती औषधाने किंवा समजावून हाताळतो तीच तो संमोहनानेही हाताळू शकतो. दात मात्र त्यालाच काढावा लागतो.

मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘प्राणविनिमय’, ‘मोहिनीविद्या’, ‘वशीकरण’ असे प्रतिशब्द आढळतात. यांतील पहिला मेस्मर या वैद्याचा (खाली पहा) सिद्धांतच पोटात घेऊन आला : एकाचा प्राण दुसऱ्यात जातो. ‘संमोहन’ हा शब्द रुळला तरी ‘मोह’ सुटला नाही. ‘भुरळ घातली’, ‘नजरबंदी केली’ या बोलींतून तोच अर्थ जिवंत आहे, आणि सातारा-सांगलीकडच्या दवाखान्यात रुग्णाचा पहिला प्रश्न ‘मी शुद्धीवर राहीन ना?’ हा असतो, त्याचे मूळ इथे आहे.

उगम : आधुनिक संमोहनाची सुरुवात व्हिएन्नाचा वैद्य फ्रान्झ अँटोन मेस्मर (१७३४–१८१५) याच्यापासून धरण्याचा प्रघात आहे. शरीरात ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाचा द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो, अशी त्याची मांडणी होती. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने (बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए प्रभृती) असा द्रव नसून परिणाम कल्पनेचे आहेत, असा निर्वाळा दिला. समितीने कल्पनेचा परिणाम खरा असल्याचे मान्य केले होते, ही गोष्ट नंतरच्या लेखनात बहुधा गळते. त्याच वर्षी पुइसेगूर या सरदाराने, मेस्मरच्या रुग्णांना येत तसे झटके न येता लागणारी, बोलता येणारी ‘झोप’ वर्णिली.

मेस्मर हा पूर्वसुरी व खरा प्रारंभ आबे फारिया याचा, असे मानणारा दुसरा पक्ष आहे आणि सिद्धांताच्या दृष्टीने त्याचे पारडे जड वाटते. जुझे कुस्तोदियो द फारिया हा १७५६ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे जन्मला, १७७१ मध्ये वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. झोप लावणारी शक्ती प्रयोगकर्त्यात नसून ज्याला झोप लागते त्याच्यातच असते, हे त्याने १८१९ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. हातवारे टाळून तो नुसती आज्ञा देई. पुढे फ्रान्समधील नॅन्सी येथील लिएबो व बर्नहाइम या वैद्यांनी सूचनेला जे महत्त्व दिले त्याचे बीज इथे आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचनात तो अडखळला तेव्हा वडिलांनी कोकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे पुटपुटून त्याला धीर दिला व या अनुभवातून त्याला सूचनेचे सामर्थ्य उमगले, ही कथा गोव्यात सर्वतोमुखी आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी हे बरे. पणजीतील त्याचा पुतळा १९४५ चा आहे.

‘हिप्नोटिझम’ (संमोहन) या संज्ञेच्या जनकत्वाबद्दलही असाच वाद आहे. मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड याला १८४३ च्या ग्रंथामुळे हे श्रेय मिळते. परंतु ग्रीक ‘हिप्नोस’ (झोप) पासून साधलेले शब्द १८२० च्या सुमारास फ्रान्समध्ये द क्युव्हिये याच्या लेखनात आले आहेत. ब्रेडने शब्द रूढ केला, घडवला नाही, असे म्हणणे अधिक सुरक्षित. ही झोप नव्हे हे लक्षात आल्यावर त्याने पुढे नाव बदलण्याचाही प्रयत्न केला, पण तोवर शब्द बाजारात गेला होता. भारतात जेम्स एस्डेल या शल्यवैद्याने ४ एप्रिल १८४५ रोजी बंगालमधील हुगळी येथे अंडवृद्धीच्या कैद्यावर मेस्मेरिझमच्या (मेस्मरच्या पद्धतीच्या) साहाय्याने पहिली शस्त्रक्रिया केली. १८४६ मध्ये ईथर व पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आल्यावर तासन्‌तास हात फिरवीत बसण्याचे कारण उरले नाही.

यंत्रणा : संमोहन ही वेगळी मानसिक अवस्था आहे की अपेक्षा, कल्पना व भूमिका यांचा मेळ आहे, हा वाद विसाव्या शतकभर चालला. मानसशास्त्रज्ञांपैकी हिल्गार्ड पहिल्या बाजूला, बार्बर व स्पॅनोस दुसऱ्या. अपेक्षेचा वाटा दोन्ही पक्ष आता मानतात. १९९७ मधील एका मेंदूचित्रण-प्रयोगात ४७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात ठेवलेल्यांना वेदनेचा ‘त्रास’ कमी-जास्त होईल अशा सूचना दिल्या असता मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील (वेदनेच्या त्रासाशी निगडित भाग) क्रियाशीलता बदलली, वेदनेची जागा-तीव्रता नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा बदल दिसला नाही. रुग्ण ‘दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही’ असे सांगतो ते याच्याशी जुळते.

सूचनाक्षमता (सूचनेप्रमाणे अनुभव येण्याची क्षमता) माणसागणिक वेगळी असते. १९५९ च्या स्टॅनफर्ड मापनश्रेणीत १२ कसोट्या आहेत. साधारण १० ते १५ टक्के लोक उच्च गटात, जवळपास तितकेच निम्न गटात व उरलेले मध्ये पडतात. हा गुण २५ वर्षांनी मोजला तरी फारसा बदलत नाही. भोळेपणाशी किंवा कमकुवत मनाशी त्याचा संबंध नाही.

पद्धती : पहिल्या भेटीत बहुधा संमोहन करीत नाहीत. तक्रार, आधीचे निदान, चालू औषधे, झोप आणि रुग्णाला नकोशा वाटणाऱ्या गोष्टी विचारून घेतात. पुढील सत्र ४५ ते ६० मिनिटांचे. रुग्ण पाठ-मान टेकेल अशा खुर्चीत बसतो. नजर कपाळाच्या वरच्या रेषेतील बिंदूवर ठेवतो (ब्रेड चकाकती वस्तू डोळ्यांपासून ८ ते १५ इंचांवर धरी). पापण्या थकून मिटल्या की पायांपासून वर एकेक अवयव सैल सोडायला सांगतात. यास १० ते १५ मिनिटे लागतात. मग पायऱ्या उतरण्याच्या कल्पनेने एकाग्रता वाढवतात, ठरलेल्या सूचना देतात आणि १ ते ५ मोजून बाहेर आणतात. बाहेर आणणे घाईने केल्यास डोके जड राहते. बाहेर आल्यावर १०-१५ मिनिटे बसवून मगच दुचाकीवर जाऊ द्यावे.

रुग्णाला सगळे ऐकू येते. बाहेरचा एसटीचा हॉर्नसुद्धा. हातपाय जड वा हलके वाटतात, अर्धा तास दहा मिनिटांचा भासतो, कधी विनाकारण डोळ्यांत पाणी येते. नको ती सूचना तो नाकारू शकतो आणि वाटल्यास उठून जाऊ शकतो. संमोहनातून कोणी ‘अडकून’ राहत नाही. डोळे न उघडणारा एकतर सुखावलेला असतो किंवा झोपलेला.

झोप ही खरी अडचण आहे. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजून सकाळी आलेला शेतकरी पाचव्या मिनिटाला घोरू लागतो, आणि घोरणाऱ्याला दिलेली सूचना वाया जाते. ‘उजवं बोट उचला’ म्हटल्यावर बोट हलले नाही तर थांबून, आवाज थोडा वाढवून पुन्हा सुरुवात करतात. म्हणूनच ‘झोपा’ हा शब्द टाळणे बरे.

मराठीत सूचना रचताना नकार शेवटी येतो, हे विसरल्याने पुष्कळ सूचना फसतात. ‘आता दुखणार नाही’ यात ‘दुखणार’ आधी कानावर पडते. त्याऐवजी ‘हात गार पडतोय, लाकडासारखा होतोय’ असे म्हणावे. पुस्तकी मराठीपेक्षा रुग्णाची बोली चालते; वडीलधाऱ्याला मात्र ‘तुम्ही’च म्हणावे, कारण अनोळख्या तरुणाच्या ‘तू’ने सैल पडलेले अंग पुन्हा ताठते.

प्रतिमा निवडण्यात स्थानिक जाण लागते. वाई वा माहुलीच्या घाटाच्या दहा पायऱ्या उतरणे ही इकडची सोपी प्रतिमा, आणि आतड्याच्या तक्रारींत संथ वाहत्या नदीचे चित्र तर पद्धतीचाच भाग आहे. परंतु आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत ऐकत पावसाळा काढणाऱ्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये घरात पाणी पाहिलेल्या सांगलीकराला ‘पाण्याकडे उतरा’ म्हटल्यास श्वास जलद होऊ शकतो. अशा वेळी प्रतिमा सोडून नुसते आकडे मोजणे श्रेयस्कर.

उपयोग व मर्यादा : सर्वांत भक्कम पुरावा वेदना, वैद्यकीय प्रक्रियांपूर्वीची भीती आणि क्षोभी आतड्याचा विकार (आयबीएस) यांबाबत आहे. या आतड्याच्या विकारावरील १९८४ च्या मँचेस्टरमधील चाचणीत ३० तीव्र रुग्ण होते व अर्ध्या तासाची ७ सत्रे दिली गेली. आता ७ ते १२ सत्रे व घरी रोज १५-२० मिनिटे ध्वनिफीत ऐकणे असा क्रम रूढ आहे. तंबाखू-मिश्री सोडवण्यात इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’ ही जाहिरात तेवढ्यावरून ओळखावी. भ्रम-भास असलेला मनोविकार आणि उन्माद यांत ते टाळतात. पोटात वा छातीत दुखण्याचे कारण कळण्याआधी वेदना दाबणे धोक्याचे आहे. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार यांची औषधे चालूच राहतात. ‘विसरलेले आठवून देणे’ हा सर्वांत निसरडा भाग : संमोहनात आठवणी वाढतात तशा खोट्याही तयार होतात आणि त्यांवरचा विश्वास बळावतो. पूर्वजन्माच्या कथा याच मालिकेतल्या.

अंगात येणे : मांढरदेवच्या काळुबाईच्या यात्रेत ढोलाच्या ठेक्यावर अंगात येण्याचे प्रकार दिसतात. मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेले साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) आणि त्यांनी १९८९ मध्ये स्थापलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांच्या प्रबोधनात या प्रकाराची उकल मानसिक ताण व आत्मसंमोहन यांच्या आधारे केली जाते. साम्य आहे, तथापि फरकही मोठा : अंगात येताना हालचाल वाढते व समूहाची अपेक्षा काम करते, दवाखान्यात शरीर शांत होते व उद्देश आधी ठरलेला असतो.

केवळ संमोहनाचे प्रमाणपत्र म्हणजे वैद्यकीय पात्रता नव्हे. मनोविकारतज्ज्ञ, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा आपल्याच क्षेत्रापुरते संमोहन वापरणारा डॉक्टर वा दंतवैद्य यांच्याकडे जाणे योग्य. आधीचे तपासणी-अहवाल बरोबर न्यावेत. लहान मूल असल्यास पालकांपैकी एकाने खोलीत बसावे, मात्र मधे बोलू नये.