एक घोट म्हणजे किती ग्रॅम?

नाशिकच्या वायनरीत टेस्टिंगला बसलं की पाचसहा वाइन्स थोड्या थोड्या समोर येतात. गरोदरपणात 'एवढ्याने काय होतं' म्हणण्याआधी हा 'थोडा' भाग मोजून बघा. 13 टक्के अल्कोहोलच्या 30 मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे 3 ग्रॅम इथेनॉल, म्हणजे शुद्ध अल्कोहोल, असतं. पाच ग्लासांचं झालं 15 ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड छोटा पेग व्हिस्की. 'वाइन काय, फळांचा रस' हे म्हणणं इथेच संपतं. स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली (8 टक्के) तर 40 ग्रॅमपर्यंत जाते.

गरोदर बाईने प्यायलेलं इथेनॉल वारेतून सहज पलीकडे जातं आणि बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या आसपास पोचतं. ते मोडणारी विकरं (एन्झाइम्स) बाळाच्या यकृतात पुरेशी तयार झालेली नसतात. शिवाय ते गर्भजलात उतरतं आणि बाळ तेच पाणी गिळत राहतं. चेहऱ्याची ठेवण पहिल्या तीन महिन्यांत ठरते, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. त्यामुळे 'तीन महिने झाले, आता चालेल' याला अर्थ नाही. सुरक्षित मात्रा कोणालाच ठरवता आलेली नाही, म्हणून डॉक्टरांचा सल्ला शून्याचा.

आईच्या दारूमुळे बाळाच्या चेहऱ्यात आणि मेंदूत राहणारं हे दुखणं (फीटल अल्कोहोल सिंड्रोम) नोंदवलं गेलं ते वाइनच्याच मुलखात. फ्रान्समधल्या नांतमध्ये, लुआर नदीकाठच्या द्राक्षबागांजवळ, पॉल लमोआन यांनी 1968 मध्ये मद्यपी आईबापांच्या 127 मुलांचं वर्णन छापलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 1973 मध्ये सिअॅटलच्या डॉक्टरांनी तेच पुन्हा मांडलं, तेव्हा जग जागं झालं. फ्रान्समध्ये 2007 पासून बाटलीवर गरोदरपणाचा इशारा किंवा चिन्ह सक्तीचं आहे. आपल्याकडचा सक्तीचा इशारा दारू आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच सांगतो, पोटातल्या बाळाबद्दल चकार शब्द नाही.

मग टेबलावर वाइन ओतणाऱ्याने काय करायचं? 'एक घोट चालतो' हे वाक्य कधीच उच्चारू नये, तो आपला प्रांत नाही. कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नये. ग्लास मात्र वाइनचाच द्यावा, त्यात द्राक्षांचा ताजा रस किंवा सोडा-लिंबू. वाइनची बहुतेक गंमत नाकाला कळते, ग्लास फिरवून वास घ्यायला हरकत नाही. तोंडात घोळवून थुंकलं तरी थोडं पोटात जातंच. 'अल्कोहोलविरहित' बाटलीचं लेबल वाचा: काहींत 0.5 टक्क्यापर्यंत उरतं, 0.0 लिहिलेली घ्या. पदार्थात घातलेली वाइनही पूर्ण उडून जात नाही. पंधरा मिनिटं उकळल्यावर सुमारे 40 टक्के अल्कोहोल राहतं, अडीच तासांनी 5 टक्के.

'रेड वाइनने रक्त वाढतं' ही समजूत तर उलटीच. तिच्यातली टॅनिन्स (तुरट द्रव्यं) जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत.

आणखी एक बाटली घराघरांत असते: आसवं-अरिष्टं. गूळ किंवा साखर घालून आंबवलेली ही औषधं यीस्टच्याच कृपेने बनतात आणि लेबलवर 'स्वयंजनित अल्कोहोल' बहुधा 5 ते 10 टक्के असतं. द्राक्षासव म्हणजे रस नव्हे. घेण्याआधी वैद्यांना आणि प्रसूतितज्ज्ञांना दोघांनाही सांगा.

दिवस गेल्याचं कळण्याआधी दारू घेतली असेल तर घाबरू नका. आजपासून बंद करा आणि तपासणीत सांगून टाका. रोजची सवय असेल तर मात्र एकटीने एकदम सोडू नका, हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीत सोडायचं.