शेवंती (घरच्या बागेतील)

सूर्यफुलाच्या कुळातील (ॲस्टरेसी) बहुवर्षायू फुलझाड. शास्त्रीय नाव क्रिसँथेमम मोरिफोलियम. मूळ चीनमधील हे झाड जपानमध्ये इतके रुजले, की तिथल्या सम्राटाच्या मुद्रेवर 16 पाकळ्यांची शेवंती आहे. हिंदीत गुलदाउदी म्हणतात. महाराष्ट्रात ती देवघरात आणि वेणीत असते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला शेवंतीची वेणी हवीच.

आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे तर फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक. एक फूल उकलून पाहावे: प्रत्येक ‘पाकळी’ तळाशी नळीसारखी वळलेली, स्वतंत्र फूलच असते. कडेची ती किरणपुष्पके, मधली पिवळी बिंबपुष्पके. एकेरी जातींत हा पिवळा डोळा उघडा दिसतो आणि फूल थेट डेझीसारखे वाटते. भरगच्च जातींत तो झाकला जातो. झिपरी, राजा, पिवळी रेवडी, सोनाली तारा ही आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडची नावे.

शेवंतीला फूल कधी येणार हे रात्र ठरवते. ती लघुदिवसी वनस्पती आहे. रात्री पुरेशा लांब आणि सलग काळोख्या झाल्या की कळ्या धरतात. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस दिवस बारा तासांखाली येऊ लागला की कळ्यांचा जोर वाढतो आणि दिवाळीच्या आगेमागे रंग भरतो. गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल, किंवा रस्त्याच्या दिव्याचा झोत कुंडीवर येत असेल, तर झाड हिरवेगार वाढते पण कळ्या लांबतात. खतपाण्यात चूक शोधण्याआधी रात्री एकदा कुंडीपाशी उभे राहून उजेड पाहावा. फुलशेतीत हाच गुण उलटा वापरतात: रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात आणि काळे कापड ओढून अलीकडे आणतात.

लागवड बियांपेक्षा काश्यांपासून सोपी. काश्या म्हणजे जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुळासकट फुटलेले कोंब. एप्रिल ते जूनमध्ये त्या सोडवून आठ-दहा इंची कुंडीत एकेक लावतात. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू, आणि तळाला मोकळे छिद्र. पाणी साचले की मुळे कुजतात, पावसाळ्यात तर हमखास. सततच्या धारेत कुंडी वळचणीखाली सरकवलेली बरी. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवे.

महिन्याभरात झाड वीतभर झाले की शेंडा खुडायचा. नवख्यांचा हात इथे आखडतो, पण हे काम टाळले तर एकच लांबुडकी काडी वाढते आणि तिच्या टोकाला मोजकी फुले येतात. अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी वरचा इंचभर कोंब तोडावा. बोटांना शेवंतीच्या पानांचा उग्र वास दिवसभर राहतो. काहींना या चिकाने त्वचेवर पुरळ येते, त्यांनी हातमोजे घालावेत. फुटलेल्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडावेत, पण ऑगस्टनंतर नाही, कारण त्यानंतर तोडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गेलेली कळी. एकच मोठे फूल हवे असेल, तर प्रत्येक फांदीवर टोकाची कळी ठेवून बाकीच्या काढतात.

कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर काळा मावा बसतो. निंबोळी तेलाची फवारणी चालते. खालची पाने काळी पडत असतील तर पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे.

दिवाळीत रोपवाटिकेतून आणलेली घुमटाकार कुंडी अनेकदा वाढरोधक द्रव्याने बुटकी ठेवलेली असते. फुले सुकली की ती फेकून देण्याची रीत पडली आहे, आणि ती मनाला लागते. झाड मेलेले नसते. जानेवारीत चार बोटे उंचीवर छाटावे आणि उन्हाळाभर अर्धसावलीत ओल राखावी; बुंध्याभोवती नव्या काश्या वर येतात. पुढच्या वर्षी हेच झाड गुडघ्याएवढे उंच होते, तेव्हा काठीचा आधार द्यावा लागतो.