सगळे सुरात, तरी सा सरकतो

तानपुरा जुळलेला असला की गाणाऱ्याची निम्मी काळजी मिटते. सा शोधावा लागत नाही, तो मागे वाजतच असतो. आता तानपुरा काढून घ्या. पेटी नाही, ऑर्गन नाही. सहा आवाज सहा वेगळ्या चाली एकाच वेळी गाताहेत आणि त्या क्षणोक्षणी एकमेकींशी जुळायला हव्यात. १६व्या शतकात रोमच्या सिस्टीन चॅपलमध्ये, पोपच्या प्रार्थनामंदिरात, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना अशीच गायली जायची, वाद्यांच्या साथीशिवाय.

इटालियन संगीतकार पालेस्त्रीना याची 'मिस्सा पापे मार्चेल्ली' १५६७ साली छापली गेली. नाव दुसऱ्या मार्सेलस पोपचं, आणि ते जेमतेम तीन आठवडे गादीवर होते. प्रार्थनेचे शब्द लोकांना कळले पाहिजेत, असा त्यांनी गायकांपाशी आग्रह धरला होता. या एका रचनेमुळे बहुस्वरी गायनावरची बंदी टळली, अशी गोष्ट चवीने सांगितली जाते. तिला पुरावा नाही. पण शब्दांचं पथ्य मात्र पालेस्त्रीनाने मनापासून पाळलेलं दिसतं. मिस्सेतल्या 'ग्लोरिया' आणि 'क्रेदो' या लांबलचक भागांत आवाज बहुतांशी एकाच वेळी एकच अक्षर उच्चारतात. म्हणजे दर अक्षराला एक स्वरसंघात, एकत्र उमटणाऱ्या स्वरांचा मेळ, उभा राहतो, आणि दगडी भिंतींमध्ये तो घुमत राहतो. तिथे बेसूरपणा लपत नाही.

का लपत नाही, ते आकड्यांतच बघू. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी पूर्ण मिसळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा, प्रमाण ५:४. प्रत्येक स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक उपस्वरही वाजत असतात. सा चा पाचवा उपस्वर १२००चा आणि या गंधाराचा चौथाही १२००चाच, म्हणून दोन्ही एकजीव होतात. पेटीवरचा गंधार साधारण ३०२.४ असतो. त्याचा चौथा उपस्वर १२०९.५ च्या आसपास जातो आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथर ऐकू येते. साथीला वाद्य नसलेले गायक ही थरथर टाळत टाळत आपोआप ३०० कडे ओढले जातात.

खरी अडचण इथून पुढे. व्हेनिसचा गणिती जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती याने ती संगीतकार चिप्रियानो दे रोरे याला लिहिलेल्या पत्रांत मांडली. ही पत्रं १५८५ साली छापली गेली. त्याची उदाहरणं वेगळी आहेत, पण हिशेब आपल्या सरगमातही होतो. एक जण सा धरतो: २४०. दुसरा त्याच्याशी ३:२ ने पंचम जुळवतो: ३६०. तिसरा त्या पंचमाखाली ४:३ च्या प्रमाणात रे लावतो: २७०. त्या रे वरून पुन्हा ३:२ ने पाचवा स्वर म्हणजे धैवत: ४०५. धैवताखाली ४:३ ने गंधार: ३०३.७५. आता या गंधाराखाली ५:४ च्या चोख प्रमाणात सा लावा. येतो २४३!

कुणीही चुकलेलं नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याशी नेमका सूर जुळवला, आणि तरी सा चढला. २४३/२४० म्हणजे ८१/८० हा फरक टिचभर वाटतो, पण अशा पाच फेऱ्या झाल्या की पट्टी अर्ध्या सुराहून थोडी जास्तच वर गेलेली असते. स्वरांचा क्रम उलटा फिरवला तर तेवढीच खाली येते. हा दोष गळ्याचा नाही, अंकांचा आहे: ३ चे घात आणि ५ चे घात कधीच एका ठिकाणी भेटत नाहीत.

हे नुसतं कागदी कोडं नाही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात डेव्हिड हॉवर्ड यांनी चार आवाजांच्या छोट्या गटांकडून मुद्दाम रचलेल्या ओळी गाऊन घेतल्या आणि प्रत्येकाची कंपनं गळ्यापाशी लावलेल्या उपकरणाने स्वतंत्र मोजली. २००७ साली आलेल्या या निबंधात पट्टी सरकल्याचं दिसलं, आणि सरकण्याचा कल शुद्ध प्रमाणांच्या गणिताशी जुळणारा होता. प्रत्यक्ष मैफलीत मुरलेले गायक एखादा लांबवलेला स्वर, भोवतीचा स्वरसंघात बदलताना, हळूच कणभर हलवतात आणि हिशेब सांभाळून घेतात. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

भारतीय संगीताच्या अभ्यासकाला ८१/८० ओळखीचा वाटेल. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या प्रमाणश्रुतीची, म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायच्या एका श्रुतीची, किंमत अनेक जण हीच धरतात. भरत दोन सारख्या वीणा घ्यायला सांगतो. एकीचा पंचम प्रमाणश्रुतीने उतरवायचा, मग तो पंचम तसाच ठेवून बाकीच्या तारा त्याच्याशी पुन्हा षड्जग्रामात, म्हणजे मूळच्या स्वररचनेत, जुळवायच्या. अख्खी वीणा एका श्रुतीने खाली येते, आणि ते कळतं ते केवळ दुसरी वीणा शेजारी जागच्या जागी आहे म्हणून. पुढच्या शास्त्रकारांच्या भाषेत एक ध्रुववीणा, दुसरी चलवीणा. सिस्टीन चॅपलच्या गायकांपाशी फक्त चलवीणा होती.