मास्तरला सगळं कळतं, तरी सुटत का नाही?

हाफ नेल्सन नावाचा २००६ चा अमेरिकन सिनेमा दापोलीतल्या शिक्षक मित्रांसोबत बघितला आणि नंतर जी चर्चा झाली ती काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. रायन फ्लेकचा सिनेमा, रायन गॉसलिंगला यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ब्रुकलिनच्या शाळेत इतिहास शिकवणारा डॅन, मुलांचा लाडका, पोरींच्या बास्केटबॉल टीमचा कोच, आणि क्रॅक कोकेनच्या पुरता आहारी गेलेला. एका मॅचनंतर ड्रे नावाची १३ वर्षांची विद्यार्थिनी त्याला लॉकर रूममध्ये नशेत बघते आणि तिथून त्यांची मैत्री सुरू होते. सिनेमा संपल्यावर एक गुरुजी म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस, पोरांना शहाणपण शिकवतो आणि स्वतःच्या मनावर ताबा नाही!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला हे अजिबात पटत नाही. डॅनच्या मेंदूचं शिकणं बंद पडलेलं नाही, उलट तो नको ती गोष्ट फार पक्की शिकून बसलाय.

आता माझा आवडता भाग. आमच्या वाडीत सकाळी मासेवाला स्कूटरवरून भोंगा वाजवत येतो. मांजराला पहिल्यांदा बांगड्याचं डोकं मिळतं तेव्हा आनंद होतो तो डोकं तोंडात पडल्यावर. चार-आठ दिवसांनी बघा, नुसता भोंगा ऐकला की ते कौलावरून उडी टाकून हजर, आणि गाडी न थांबता पुढे गेली की तोंड पडतं. हेच मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून मोजलं. अचानक रस मिळाला की डोपामिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) सोडणाऱ्या पेशी जोरात पेटतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच पेटतात, प्रत्यक्ष रसाला गप्प. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर ठरलेल्या वेळी नेहमीपेक्षाही थंड पडतात. १९९७ मध्ये शुल्त्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला की या पेशी सुख मोजत नाहीत, 'मिळालं वजा अपेक्षित' ही वजाबाकी करतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर शिक, तेवढंच मिळालं तर नवीन शिकायचं काही नाही. म्हणजे बरोबर अंदाज बांधता आला की वजाबाकी शून्य होते आणि शिकणं आपोआप थांबतं, मला तर ही मेंदूतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कोकेन नेमकं इथे घुसतं. पेशीने सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घ्यायला पेशीच्या भिंतीत एक प्रोटीन असतं, ट्रान्सपोर्टर. कोकेन त्याच्या मधल्या खाचेत जाऊन बसतं (फळमाशीच्या ट्रान्सपोर्टरमध्ये ते कसं बसतं याचं क्ष-किरण चित्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, ते काम करणाऱ्यांपैकी अरविंद पेनमत्सा आज बेंगळुरूच्या आयआयएससीत आहेत), परत ओढणं बंद होतं आणि डोपामिन दोन पेशींमधल्या फटीतच साचत राहतं. क्रॅक ओढलं की ते फुप्फुसांतून साधारण १० सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि जितकं झटपट तितकी सवय घट्ट. डेव्हिड रेडिश यांनी २००४ मध्ये मांडलेलं मॉडेल असं की कोकेन प्रत्येक वेळी 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं' हाच निरोप देतं, अपेक्षा कितीही वाढली तरी वजाबाकी शून्यावर येतच नाही, म्हणजे ज्या धड्याला शेवटच नाही असा धडा. हे मॉडेल सगळंच सांगत नाही, पुढच्या काही प्रयोगांत ते कमीही पडलं, पण गाभा मोलाचा आहे.

आणि भोंगा विसरू नका. सिनेमा आला त्याच वर्षी नोरा व्होल्कोव यांच्या टीमने कोकेनचं व्यसन असलेल्यांना कोकेन ओढणाऱ्या माणसांचा नुसता व्हिडिओ दाखवला, तरी त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढलं. ओळखीची गल्ली, ओळखीचा चेहरा, एवढं पुरतं. त्यात डोपामिन टिपणारे डी-२ रिसेप्टर कमी झालेले असतात, सोडल्यावरही काही महिने कमीच राहतात, म्हणून साध्या सुखांची चवच लागत नाही.

"कोकेन अमेरिकेत, आपल्याकडे कुठे?" असंही कोणीतरी म्हणालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती. आणि दारू, तंबाखू वेगळ्या वाटेने का होईना पण याच डोपामिनपर्यंत पोचतात. तरी आपल्याकडे दारूड्याला बाहेरची बाधा झाली म्हणून भगताकडे नेतात, नाहीतर 'न सांगता दारू सोडवा' अशी भिंतीवरची जाहिरात वाचून आमटीत पावडर कालवतात. पावडरीत काय आहे कोणालाच माहीत नसतं. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर माणूस दारू प्यायला, तर बीपी एकदम कोसळून जीवही जाऊ शकतो, हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पेशंटला सांगूनच द्यायचं असतं. रीलवाल्यांचं 'डोपामिन डिटॉक्स' पण तसलंच, डोपामिन काही विष नाहीये जे धुऊन काढायचं.

मग उपाय? कोकेनवर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. सगळ्यात चांगला चाललेला उपाय म्हणजे लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकात हे करून दाखवलं. म्हणजे तीच वजाबाकी, फक्त आपल्या बाजूने वापरलेली.

ड्रे आणि डॅनच्या मैत्रीकडेही मी याच नजरेने बघतो. २०१८ मध्ये मार्को व्हेनिरो आणि यावीन शहाम यांच्या प्रयोगात नशेची सवय लागलेल्या उंदरांना दोन पर्याय दिले, एक कळ दाबली की मेथॅम्फेटामिन, दुसरी दाबली की शेजारच्या उंदराकडे जायचं दार उघडणार. त्यांनी बहुतेक वेळा सोबतीच निवडला. मात्र दार उघडायला उशीर व्हायला लागला तसे ते परत नशेकडे वळायला लागले. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उपचारानंतरही माणसाशी संपर्क ठेवायचा आग्रह धरतं तो म्हणूनच मला इतका पटतो. कोकणातून पुणे लांब पडतं हे खरं, पण १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे आणि तिथे घरच्यांनी फोन केला तरी चालतो.