पोती उतरली, थप्पी लागायची आहे

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची पोती टेम्पोतून उतरली म्हणजे ती गोदामात थप्पीला लागली, असे कोणताही हमाल मानणार नाही. लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये फाइली कॉपी करताना आपण मात्र कॉपी संपल्याचे दिसताच केबल उपसतो आणि नेमके तिथेच फसतो.

विंडोजमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाला सी, डी, ई असे वेगळे अक्षर मिळते. लिनक्समध्ये सगळ्या फाइलींचे एकच झाड असते आणि केसर आंब्याचे कलम बांधावे तशी नवी डिस्क त्यातल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडावी लागते. यालाच माउंट करणे म्हणतात. उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकारात डेस्कटॉपवर हे बहुधा आपोआप होते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, करायचे असेल तर आधी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन डिस्क तिच्या आकारावरून ओळखावी. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबीच्या आसपास दिसते, पण त्यात फसवणूक नाही. कंपनी १०००च्या पटीत मोजते आणि ही आज्ञा १०२४च्या.

खरी गोम पुढे आहे. डिस्क रॅमच्या मानाने फार संथ असल्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येणारा डेटा आधी रॅममध्ये ठेवून घेतो, कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला 'झाले' असे कळवतो आणि प्रत्यक्ष लेखन मागाहून सवडीने करतो. रॅम जितकी मोठी, तितका हा तुंबलेला मालही मोठा असू शकतो. 'यूमाउंट' ही डिस्क सोडवण्याची आज्ञा (तिच्या नावात 'अन'मधला 'एन' नाही, नवखे तिथेच अडखळतात) हा सगळा माल डिस्कवर उतरेपर्यंत थांबते, म्हणून ती परत येईपर्यंत केबलला हात लावू नये. आपलेच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उघडे असेल, तर डिस्क वापरात असल्याचे सांगून ती नकार देते.

आपल्याकडे भर उन्हाळ्यात दुपारी वीज जाते आणि इन्व्हर्टर नसेल तर अर्धी कॉपी तशीच राहते. अशा वेळी 'सीपी' या कॉपीच्या साध्या आज्ञेपेक्षा अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेली 'आरसिंक' ही आज्ञा बरी. 'ए' हा पर्याय देऊन ती पुन्हा चालवली, की आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाइली ती वगळते आणि उरलेल्याच नेते. फक्त मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ द्यायची की नाही, हे आधी ठरवावे: दिली तर नुसते धान्य जाते, न दिली तर पोत्यासकट.