एका रेघेचा एक, बारा रेघांचा एक

चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ. दोनाला दोन, तिनाला तीन. एकावर उभी रेघ मारली की दहा. पावतीवरच्या एकाचे दहा करायला लबाड माणसाला अर्धा क्षण पुरे. म्हणून हिशेबासाठी तिथे मुद्दाम अवघड अक्षरे रूढ झाली. त्यांतला एक लिहायला बारा रेघा लागतात. थांग राजघराण्याच्या काळात, सम्राज्ञी वू च्-थ्येनच्या राजवटीत (६९०–७०५) ती वापरात होती. पुढे १३८५ साली क्वो हुआन या अधिकाऱ्याचे अपहार प्रकरण उघडकीला आले आणि मिंग सम्राट हुंगवूने ती सरकारी दप्तरांत सक्तीची केली, असे सांगतात.

चीनमध्ये आजही चेकवर रक्कम याच अक्षरांत लिहितात. आपल्या ‘अक्षरी रुपये’चे हे सख्खे भावंड. आपण शेवटी ‘मात्र’ लिहितो, ते ‘चंग’ म्हणजे ‘पूर्ण’ लिहितात. हेतू एकच, पुढे कुणी काही जोडू नये.

एक्सेलमध्ये ही परंपरा सेलच्या फॉरमॅटमध्ये आली. चौकटी कंसात ‘डीबीनम१’ लिहिले की साधी अक्षरे उमटतात, ‘डीबीनम२’ लिहिले की हिशेबाची. सेलमधली संख्या तीच राहते, त्यामुळे बेरजेला धक्का लागत नाही.

खरी कसोटी शून्याची. चिनीत १००५ म्हणजे ‘ई छ्येन लिंग वू’: एक हजार, शून्य, पाच. यातला ‘लिंग’ गाळला, तर बोलीत त्याचे १५०० होतात! १००५ मध्ये सलग दोन शून्ये असली, तरी ‘लिंग’ एकदाच येतो, आणि शेवटच्या शून्यांना मुळीच येत नाही. शिवाय तिथे गट चार-चार अंकांचे. आपले १२,३४,५६,७८९ तिकडे १,२३४५,६७८९ असे तुटतात. प्रोग्रामला हे सगळे सांभाळावे लागते. तरी दशांशाशी तो अडतोच: नुसत्या ‘डीबीनम२’ने यूआन, ज्याओ, फन (चिनी चलन आणि त्याचे दहावे व शंभरावे भाग) असे भाग पडत नाहीत, मध्ये टिंबच राहते. मग हिशेबनीस लांबलचक सूत्र रचतात.

रुपयांसाठी तर एक्सेलमध्ये तयार फंक्शनच नाही. थायलंडच्या चलनासाठी, बाहतसाठी, आहे. मराठीत करायचे तर चिनीसारखे ‘सात-दहा-नऊ’ चालत नाही. ‘एकोणऐंशी’ वेगळा, ‘नव्याण्णव’ वेगळा. शंभरपर्यंतचा प्रत्येक शब्द मॅक्रोत, म्हणजे एक्सेलमध्ये स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, हाताने भरावा लागतो.