एक ठिपका, एक गुंठा

उन्हाळ्यात सोलापुरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत एक प्रश्न ठरलेला : उजनी किती टक्क्यांवर आली? आकडा रोज कळतो. पण पाणी नेमकं कुठवर मागे सरलं, हे डोळ्यांनी बघायचं तर?

बहुतेक जण मोबाइलवर गुगलचा नकाशा उघडतात. गच्चीवरची टाकीसुद्धा दिसते, म्हणून चित्र आत्ताचंच वाटतं. खरं तर ते वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेलं असतं, आणि त्यातले बरेचसे वर्षा-दोन वर्षांचे, काही त्याहून जुने. इतकं बारीक टिपणारे उपग्रह एका वेळी अरुंद पट्टाच पाहतात, आणि त्यांची ताजी चित्रं बहुधा विकत घ्यावी लागतात.

ताजं आणि फुकट हवं असेल, तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांकडे वळावं. त्यांतला पहिला २०१५ साली गेला. जमिनीपासून ७८६ किलोमीटरवरून ते एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतात, त्यामुळे दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात, तेही सकाळी अकराच्या सुमारास. ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर उजनी शोधा, तारीख निवडा, ढगांची मर्यादा कमी करा, की झालं.

चित्र धूसर वाटेल, कारण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा चौकोन. पण १०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच की! एकराच्या रानाचे चाळीस ठिपके. गच्चीवरची टाकी त्यात दिसणार नाही, पण ऊस कधी तुटला ते नक्की दिसेल.

खरी गंमत पुढे आहे. हा उपग्रह डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. निरोगी पान हे किरण भरपूर परतवतं, पाणी ते जवळजवळ गिळून टाकतं. ‘फॉल्स कलर’ निवडलं, की अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवला जातो. मग उभा ऊस लालभडक, नांगरट करड्या-निळसर रंगाची आणि धरणाचं पाणी काळंशार. पाण्यावर लाल डाग दिसले, तर ती जलपर्णी समजा. मे महिन्यात काठ मागे सरतो, तशी उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेरीची लाल ठिगळं दिसू लागतात. जानेवारीचं आणि मेचं चित्र शेजारी ठेवून एकदा तरी बघाच.

पावसाळ्यात ढग आडवे येतात. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार उपयोगी पडतं. त्याच्या लहरी ढगांतून पार जातात. शांत पाण्यावरून त्या दुसरीकडेच निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. वाऱ्याने लाटा उठल्या असतील, तर तेच पाणी उजळ दिसून फसवतं, एवढं ध्यानात ठेवा.

इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून आहे, तेही चाळावं.

आणि मागे जायचं असेल, तर अमेरिकेचा लँडसॅट. त्याची नोंद १९७२ पासूनची, आणि २००८ पासून सगळी मोफत. उजनी पुरी झाली १९८० साली. त्याआधीच्या चित्रांत ठिपका दीड एकराहून मोठा आहे, घरं-देवळं ओळखू येत नाहीत. पण जिथे आज पाण्याचा पसारा आहे, तिथे भीमा एक बारीक रेघ होऊन वाहताना दिसते, आणि तिच्या काठावर, अजून कोरडं, जुनं पळसदेव.